ब्रेक एकाएकी जात नाहीत



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ ऐकले असेल. आज ट्रकच्या ब्रेकविषयी ऐकावयाचे, याचे काहींना नवल वाटेल. पण घाट उतरताना आपल्या एस.टी.च्या पाठीमागे जो भरलेला ट्रक असतो, त्याचा ब्रेक हा आपणा सर्वांचाच प्रश्न आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. मी क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो, गॅरेजात मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकलो आणि पुढे युनियनच्या कामाला लागलो. त्या कामात अपघातांचे कागद वाचावे लागतात. त्यांत एक वाक्य पुन्हापुन्हा भेटते: 'अचानक ब्रेक निकामी झाल्यामुळे.' या वाक्यातला 'अचानक' हा शब्द बहुतेक वेळा खरा नसतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. ब्रेक जाण्याआधी नोटीस देतो. ती नोटीस कोणी ऐकली आणि कोणी ऐकूनही बाजूला ठेवली, हा खरा प्रश्न.

ब्रेक करतो काय? तो वेगाची उष्णता करतो. सोळा टनांचा ट्रक शंभर मीटर उंचीवरून केवळ ब्रेकवर उतरवला, तर जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे पन्नास लिटर थंड पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता चाकातील ड्रम आणि लायनिंग यांना सोसावी लागते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो; लायनिंगची पकड कमी होते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे बरेचसे ओझे इंजिन धरते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे चार पैशांसाठी हा आधार फेकून देणे होय. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. आधी ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली. नंतर पोलिसांनी उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे सांगितले.

नव्या अवजड गाड्यांत हवेचे ब्रेक असतात. मी बोलतो आहे ते ऑइलच्या ब्रेकवाल्या जुन्या ट्रकविषयी. यात पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाइपांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरात जाते आणि शू ड्रमवर दाबले जातात. त्यामुळे रोगाची पहिली खूण पायालाच कळते.

पेडल खोल जाते, पण दोनतीनदा दाबल्यावर वर येते. तेव्हा लायनिंग झिजले आहे किंवा ॲडजस्टमेंट सुटली आहे. पेडल स्पंजासारखे मऊ लागते. तेव्हा पाइपात हवा शिरली आहे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जाते. तेव्हा मास्टर सिलिंडरमधील रबरी कप ऑइल मागे सोडतो आहे, किंवा कोठेतरी गळती आहे. पेडल दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबत नाही. तेव्हा बूस्टर पाहावा, किंवा लायनिंगला काचेसारखी चकाकी आली आहे का ते पाहावे. ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढली, तर पहिला संशय उजव्या चाकावर घ्यावा. कारण जे चाक नीट धरते तिकडे गाडी वळते. आणि थांबल्यावर एकच ड्रम इतरांहून तापलेला लागला, तर त्याचा शू मागे सरकत नाही असे समजावे. मात्र तेथे हात टेकवू नये, नुसता जवळ न्यावा.

आता दुरुस्ती. गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली ठोकळे लावावे; केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. ड्रम उघडल्यावर जुन्या लायनिंगचा भुगा तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो. आम्ही पोरे तो भुगा हसतहसत फुंकून उडवीत होतो. आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाला टेकू लागण्याआधीच लायनिंग बदलावे. आणि ते एकाच चाकाचे नव्हे, तर त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे. व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलून पाहावे. आत ओल असेल तर कप गेला. रबरी भाग डिझेलने धुऊ नयेत, ते फुगतात. ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल कदापि घालू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. घाटात ऑइल उकळले की पाइपात वाफ होते आणि पाय थेट तळाला लागतो.

हवा काढताना बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावी, बुडबुडे निघाले की ती आवळावी, मगच पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालावे आणि डब्यातील ऑइल संपू देऊ नये. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट दाबून धरावे. ते खचले नाही, तरच रिकामी गाडी मोकळ्या जागी हळू चालवून पाहावी. माल त्यानंतर.

हे सारे कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला ठाऊक आहे. मग ब्रेक का जातात? माझ्या क्लीनरकीच्या दिवसांत आमच्या ड्रायव्हरने मालकाला सांगितले, "पेडल खाली जातंय." उत्तर मिळाले, "एवढी खेप टाकून ये, मग बघू." ती खेप कशीबशी पार पडली, म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे. 'मग बघू' हाच ब्रेकचा सर्वांत जुना रोग आहे.

कायद्याला हा रोग माहीत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम धोकादायक दोष असलेली गाडी चालविणाऱ्यालाच नव्हे, तर ती चालवावयास लावणाऱ्याला व चालवू देणाऱ्यालाही जबाबदार धरते. साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, तोही यात येतो. पण तोंडी सांगितलेली तक्रार अपघातानंतर कोणाला आठवत नाही. म्हणून आम्ही ड्रायव्हरांना एक साधी वही ठेवावयास सांगतो. तीत तारीख, दोष काय, मालकाला केव्हा सांगितले आणि त्याची सही. जो मालक सही करावयास कचरतो, तो बहुधा गाडी गॅरेजात पाठवितो, असा माझा अनुभव आहे.

आपणांपैकी ज्यांचा माल ट्रकने येतो, त्यांनी भाडे ठरविताना ही वही एकदा मागून पाहावी, एवढीच विनंती.