शॉकअपच्या सायकलीला टायर कोणते घ्यावेत?

दिवाळीत आमच्या घरी एक सायकल आली. ती माझ्या मामाची जुनी सायकल आहे. मामा पुण्याला कंपनीत असतो. त्याने ती दादाला दिली. तिला पुढच्या चाकाला दोन शॉकअप आहेत आणि सीटच्या खाली दांडीला एक जाड स्प्रिंगही आहे. म्हणजे दोन्ही चाके खालीवर होतात. अशा सायकलीला डोंगरावरची सायकल म्हणतात.

दादा सोयगावला दहावीत शिकतो. रोज सकाळी तो दुधाची किटली हँडलला अडकवून नेतो आणि डेअरीत दूध घालून मग शाळेत जातो. दहावी झाली की तो मामाकडे आय.टी.आय. शिकायला जाणार आहे. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे, म्हणून जूनपासून मला सोयगावला जायचे आहे. आमच्या वस्तीवरून सोयगाव चार किलोमीटर आहे आणि आमच्या वाटेने एस.टी. येत नाही. म्हणून ही सायकल पुढे माझी आहे. सीट पूर्ण खाली केली की माझे पाय टेकतात, मी बसून पाहिले आहे.

सायकल चांगली होती, पण टायर गेलेले होते. मधली नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती आणि बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या. आई म्हणाली, “गोठ्यात खुंटीला ताईच्या सायकलीचा टायर आहे, तो घाला की. तोही सव्वीसचाच आहे.” ताईची लेडीज सायकल मोडीत गेली तेव्हा तो टायर राहिला होता. दादाने तो घालून पाहिला तर तो ढिलाच बसला. चाकाच्या रिमवरून निघूनच येत होता. दोन्हीवर २६ लिहिलेले, मग असे कसे?

हे कोडे आम्हाला सोयगावच्या पंक्चरवाल्या चाचांनी सोडवून दिले. टायरच्या अंगावर मोठ्या आकड्यांशिवाय बारीक आकडेही असतात. ताईच्या टायरवर २६ × १ ३/८ होते आणि बारीक अक्षरांत ३७-५९० होते. मामाच्या सायकलीच्या टायरवर २६ × १.९५ आणि बारीक अक्षरांत ५०-५५९. यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५९० मधून ५५९ वजा केले तर ३१ उरतात. म्हणजे तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक! तो टायर कसा बसणार?

यात आणखी एक गंमत आहे. गणितात १.५ आणि १ १/२ म्हणजे दोन्ही दीडच. पण २६ × १.५ चा टायर ५५९ च्या रिमला बसतो आणि २६ × १ १/२ चा टायर ५८४ च्या रिमला बसतो. गुरुजींना हे सांगितले तर ते आधी हसले, मग त्यांनी स्वतःच्या सायकलीजवळ जाऊन पाहिले. म्हणून टायर घ्यायला जाताना बारीक आकडा वहीत लिहून न्यावा.

पहिल्या वेळी आम्ही चाचांना न विचारताच टायर घेतले. आईच्या कापूस वेचणीचे पैसे आले होते. दादा एका दुकानात गेला आणि सगळ्यात जाड, मोठ्या बटणांचे दोन टायर घेऊन आला. बटण टायर म्हणजे ज्याच्यावर रबराचे मोठे मोठे दाते असतात तो. २.३५ रुंदीचे होते. सगळी मुले पाहायला आली. ट्रॅक्टरसारखे दिसत होते, लई भारी. मलाही फार आवडले होते, हे मी खरे सांगते.

पण डांबरी रस्त्यावर ते घुंऽऽ असा आवाज करायचे आणि दादा घामाघूम व्हायचा. मागचा टायर तर मोठा खड्डा आला की वरच्या दांडीला घासायचा. शॉकअपची सायकल दबते तेव्हा मागचे चाक वर सरकते, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. सायकल उभी असताना जागा दिसते, पण माणूस बसला आणि खड्डा आला की ती जागा राहत नाही.

मग फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. आमची वाट आधी काळ्या रानातून जाते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. ती मागच्या टायरला लागली, दांडीमध्ये ठासली आणि चाक फिरायचेच बंद झाले. दादा किटलीसकट पडला. कोपर सोलला आणि सगळे दूध सांडले. आई घरी आल्यावर म्हणाली, “इकून टाक रे बाबा ती सायकल. पोरीला काय अशा सायकलीवर धाडू?” मी त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी सायकल ढकलत चाचांकडे नेली. चाचांनी टायर पाहिलाच नाही. आधी विचारले, “तू जातोस कोणत्या वाटेने?” दादाने सगळी वाट सांगितली. आधी काळ्या रानातली गाडवाट, मग नाला, त्यात गोल गोटे. मग मुरूम आणि खडी, आणि शेवटी दोन किलोमीटर डांबरी. आपल्या दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर दिसतो ना, वेताळवाडीचा किल्ला ज्याच्यावर आहे, त्याचा दगड फार जुन्या काळी लाव्हा थंड होऊन झाला आहे. त्याच दगडात अजिंठ्याची लेणी कोरली. तोच दगड फुटला की धारदार खडी होते, आणि हजारो वर्षे झिजला की काळी माती होते. म्हणजे आमच्या वाटेवर एकच दगड तीन रूपांनी भेटतो आणि तिन्हींना वेगवेगळा टायर लागतो. एकच टायर सगळीकडे उत्तम चालेल असे होत नाही.

चाचांनी समजावले ते असे. चिखलात दाते उंच आणि लांब लांब पाहिजेत, म्हणजे चाक फिरताना मधली माती निसटून पडते. दाते जवळ जवळ असले तर माती अडकते आणि टायर पोळपाटासारखा गुळगुळीत होतो. डांबरी रस्त्यावर उलटे आहे. तिथे उंच दाते वाकतात, मग सरळ होतात, मग परत वाकतात. त्या वाकण्यातच आपले बळ वाया जाते. म्हणून मध्ये दाते बुटके आणि चिकटून असावेत, आणि दोन्ही कडांना मोठे असावेत. सरळ जाताना टायर मधल्या पट्टीवर चालतो आणि वळणावर सायकल कलली की कडेचे दाते जमीन धरतात.

मग मी विचारले, “चाचा, दोन्ही टायर एकसारखेच पाहिजेत का?” ते म्हणाले, “नाही बेटा.” पुढचे चाक घसरले तर माणूस पडतोच, सावरायला वेळ मिळत नाही. मागचे घसरले तर सायकल थोडी आडवी होते, पण पाय टेकून सावरता येते. म्हणून पुढे जास्त पकडीचा टायर असावा. मागच्या चाकावर वजन जास्त असते आणि ढकलण्याचे कामही तेच करते, म्हणून मागे हलका पळणारा चालतो.

हे ऐकून दादाचा चेहरा खुलला, कारण मग दोन नाही, एकच टायर विकत घ्यायचा होता! पुढच्या शॉकअपमध्ये जागा भरपूर होती. चाचांनी टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर बोट घालून पाहिले. तो जाड बटण टायर पुढे तसाच ठेवला. मागे १.९५ चा, बुटक्या दात्यांचा बसवायचे ठरले. बसवण्याआधी चाचांनी मागच्या स्प्रिंगचा बोल्ट काढून चाक पूर्ण वर उचलून पाहिले. कुठेच घासत नव्हते. टायरवर बाण असतो, तो चाक फिरते त्या दिशेला पाहिजे. तेही मी पाहिले.

मला वाटले होते की शॉकअप असल्यावर टायरमध्ये हवा कितीही भरली तरी चालेल. तसे नसते. शॉकअप मोठा खड्डा सोसतो. बारीक खडी मात्र टायरच गिळतो. हवेच्या टायरची गोष्ट गुरुजींनी सांगितली. आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावी जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला फार हादरे बसत, म्हणून त्यांनी १८८८ साली हवेचे टायर बनवले. तेव्हा सायकलींना भरीव रबर असे. म्हणजे टायरमधली हवा हाही एक शॉकअपच आहे.

डोंगरावरच्या सायकली मात्र नंतर आल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडत. १९७६ साली त्यांनी शर्यतही सुरू केली. उतरताना चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे आणि पुन्हा भरावे लागायचे. आपल्या हळदा घाटातून तशा सायकलीवर कोणी उतरू नये!

हवा जास्त भरली तर टायर खडीवरून उड्या मारतो आणि पकड राहत नाही. फार कमी भरली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. आमच्या नव्या टायरवर जास्तीत जास्त ५० लिहिले आहे. दादाच्या वजनाला चाचांनी पुढे ३० आणि मागे ३५ भरली. मी दादापेक्षा हलकी आहे, मला आणखी थोडी कमी लागेल.

काट्यांचे सांगायचे राहिलेच. बाभळीचा काटा लांब असतो, तो कोणत्याही टायरमधून जातो. पण जास्त त्रास सराट्याचा. त्याला गोखरूही म्हणतात. तो जमिनीवर कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर असतोच. हा सराटा अमेरिकेतही पसरला आहे आणि तिथे त्याला शेळीच्या डोक्यावरून नाव पडले आहे, कारण त्याचे दोन काटे शिंगांसारखे दिसतात. टायर मध्ये जाड असला तर सराटा ट्यूबपर्यंत लवकर पोचत नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी चाक फिरवून काटे नखाने काढते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवावे. आम्ही एकदा ते केले नाही, आत काटा राहिला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पंक्चर झाले.

नवा टायर बसवण्याआधी आणि नंतर आम्ही शाळेच्या उतारावर एक प्रयोग केला. दादा वरून बसून सुटायचा, पायडल मारायचे नाही आणि ब्रेक लावायचा नाही. मागे बटण टायर होता तेव्हा सायकल नळापाशी थांबली. नवा टायर लावल्यावर ती झेंड्याच्या ओट्यापर्यंत गेली. तीन तीन वेळा केले. हवा तेवढीच ठेवली होती. मी खडूने खुणा केल्या होत्या, त्या अजून दिसतात.

उरलेला बटण टायर चाचांनी अर्ध्या किमतीला घेतला. आईने सायकल अजून विकलेली नाही. ती म्हणाली, “मृगाचा पाऊस पडू दे. काळ्या रानातून ही पोरगी न पडता नाल्यापर्यंत गेली, तर मग बघू.” चिखल झाला की तेवढी वाट मी पायी ढकलत नेणार आहे, पण ते मी आईला अजून सांगितलेले नाही. आई हे भित्तिपत्रक वाचायला शनिवारी येणार आहे, तेव्हा तिला कळेलच.

कोणाच्या सायकलीचा बारीक आकडा वाचता येत नसेल तर मधल्या सुट्टीत मला सांगा. ओला खडू त्यावर घासला की अक्षरे उठून दिसतात.

— इयत्ता ४ थी