रात्रीच्या स्कूबा बुडीतील मुख्य व राखीव दिवे

रात्रीच्या स्कूबा बुडीतील दिवे ही सूर्यास्तानंतर पाण्याखाली उतरणारे पाणबुडे वापरतात ती जलरोधक प्रकाशसाधने होत. प्रत्येक पाणबुड्याजवळ सामान्यतः एक मुख्य दिवा आणि किमान एक राखीव दिवा असतो. मुख्य दिव्याच्या प्रकाशात वाट, मापकांवरील आकडे, जोडीदार व जलचर दिसतात. तो बंद पडल्यास सुरक्षितपणे पृष्ठभागावर परतण्यासाठी राखीव दिवा असतो. दोहोंची कामे भिन्न असल्याने निवडीचे निकषही भिन्न आहेत: मुख्य दिवा पाण्याचे स्वरूप पाहून निवडतात, तर राखीव दिवा विश्वासार्हता पाहून.

दिव्याचे महत्त्व

अंधारात दिवा नसेल, तर दाबमापकावरून शिल्लक हवा किती हे वाचता येत नाही आणि काही मीटरवर असलेला जोडीदारही दिसेनासा होतो. तळ किंवा पृष्ठभाग दिसत नसल्याने वर कोणते व खाली कोणते याचाही भ्रम होऊ शकतो. हातांच्या खुणा अंधारात दिसत नाहीत; त्यामुळे दिवा हेच संवादाचे साधन बनते.

पाण्यातील प्रकाश

पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. म्हणूनच दिवसा खोलवर गेल्यास सर्व दृश्य निळसर-हिरवे भासते. रात्री दिव्यातील पांढरा प्रकाश वस्तूपर्यंत जाऊन डोळ्यांपर्यंत परत येताना थोडेच अंतर कापतो. त्यामुळे प्रवाळ व स्पंज यांचे मूळ रंग खुलून दिसतात.

पाण्यात गाळाचे कण किंवा प्लवक असल्यास प्रकाशाचे विकिरण होते व त्याचा काही भाग पाणबुड्याच्या डोळ्यांकडे परत येतो. धुक्यात वाहनाचे प्रखर दिवे लावल्यावर समोर पांढरा पडदा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. अशा पाण्यात दिव्याची शक्ती वाढवल्याने दृश्यमानता वाढेलच असे नाही. उलट ती घटण्याचा संभव असतो.

मुख्य दिव्याची निवड

झोताचा कोन : दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये, तर विशिष्ट दिशेतील तीव्रता कँडेलामध्ये मोजतात. वेष्टनावर बहुधा ल्युमेनचा आकडा ठळक असतो. तथापि तेवढ्यावरून दिव्याची उपयुक्तता ठरत नाही. १,००० ल्युमेन प्रकाश १० अंशांच्या झोतात एकवटला, तर १०० अंशांच्या झोताच्या तुलनेत त्याची तीव्रता ९० पटींहून अधिक असते (प्रकाश झोतात सारखा पसरला आहे असे मानल्यास). अरुंद झोत गढूळ पाण्यात दूरवर पोहोचतो आणि खुणा करण्यास सोयीचा असतो. रुंद झोत स्वच्छ पाण्यात जवळचा परिसर पाहण्यास व चित्रीकरणास उपयुक्त ठरतो. दिव्याची काच सपाट असल्यास अपवर्तनामुळे पाण्यात झोत आणखी अरुंद होतो. हवेतील १०० अंशांचा झोत पाण्यात सुमारे ७० अंशांचा उरतो.

कोकण किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ व प्लवक यांचे प्रमाण अधिक असल्याने तेथील दृश्यमानता अंदमान किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळक्षेत्रांपेक्षा सहसा कमी असते. त्यामुळे अंदमानात उपयोगी पडलेला रुंद झोताचा दिवा मालवणजवळच्या पाण्यात तितकाच उपयोगी पडेल असे नाही.

प्रकाशकाल : दिव्याचा प्रकाशकाल नियोजित बुडीपेक्षा बराच अधिक असावा लागतो. विजेऱ्यांसाठीच्या प्रचलित अमेरिकी मानकानुसार, आरंभीच्या प्रकाशाच्या १० टक्के प्रकाश उरेपर्यंतचा काळ हा प्रकाशकाल म्हणून नोंदवतात. म्हणजे वेष्टनावर दोन तास लिहिले असले, तरी दोन तास पूर्ण तेज मिळतेच असे नाही. याच मानकानुसार दिलेले झोताचे अंतर हवेतील असते. पाण्याखाली त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

जलरोधकता : पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, ४० मीटरवर एकूण दाब सुमारे पाच वातावरणांइतका होतो. आयपीएक्स ७ या श्रेणीतील विजेरी एक मीटर खोलीत ३० मिनिटे टिकेल एवढीच हमी देते. त्यामुळे पावसात किंवा नौकेवर चालणारी साधी विजेरी बुडीसाठी योग्य नसते. दिव्यावर मीटरमध्ये नोंदवलेली कमाल खोली पाहणे आवश्यक असते.

राखीव दिव्याची निवड

राखीव दिवा मुख्य दिव्याइतका प्रखर असण्याची गरज नसते. मात्र तो मुख्य दिव्यापासून पूर्णतः स्वतंत्र असावा लागतो: त्याची बॅटरी, कळ व आवरण वेगळे हवे. एकाच दिव्यात दोन बल्ब असणे किंवा सोबत जादा सेल बाळगणे हा राखीव दिव्याला पर्याय ठरत नाही, कारण पाण्याखाली सेल बदलता येत नाहीत.

हा दिवा लहान असावा, एका हाताने व हातमोजे घालूनही चालू करता यावा आणि त्याची कळ अनवधानाने दाबली जाऊ नये. तो प्लवन-जाकिटाच्या खिशात किंवा छातीजवळच्या कड्याला, न पाहता हाती लागेल अशा ठराविक जागी ठेवतात. लोंबणारा दिवा प्रवाळांवर आदळतो किंवा दोरीत अडकतो. त्यामुळे तो पट्ट्याला घट्ट बसवणे इष्ट असते. उतरण्यापूर्वी दोन्ही दिवे चालू करून पाहतात.

गुहांमधील बुडीत थेट पृष्ठभागावर येता येत नाही. म्हणून तेथे एक मुख्य व दोन राखीव असे किमान तीन दिवे प्रत्येकाजवळ असावेत, असा सर्वमान्य दंडक आहे.

विद्युत घट

अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो. त्यामुळे साध्या दिव्याचा प्रकाश क्रमाने मंदावतो व पूर्वसूचना मिळते. लिथियम-आयन घटांवर चालणारे अनेक दिवे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे जवळजवळ अखेरपर्यंत समान प्रकाश देतात आणि नंतर अचानक मंद होतात किंवा बंद पडतात. अशा दिव्यात बॅटरीची पातळी दाखविणारा सूचक असणे महत्त्वाचे ठरते. निकेल-मेटल हायड्राइड घट न वापरताही उतरत जातात. राखीव दिव्यात ते असल्यास बुडीपूर्वी नव्याने चार्ज करावे लागतात.

विमानप्रवासात सुटे लिथियम-आयन घट फक्त हातसामानात नेता येतात. १०० वॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची अनुमती लागते.

निगा

दिव्यात पाणी शिरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ओ-रिंग या रबरी कड्यावर बसलेला केस, वाळूचा कण किंवा मिठाचा स्फटिक. बुडीनंतर दिवा बंद ठेवूनच गोड्या पाण्यात धुतात, कोरडा करतात व कड्याला उत्पादकाने सांगितलेले वंगण अगदी पातळ लावतात. दीर्घकाळ वापर नसल्यास सेल काढून ठेवतात.

घट चार्ज करताना लक्ष ठेवणे आवश्यक असते. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या नौकेला रात्री आग लागून ३४ जण मृत्युमुखी पडले. आगीचे निश्चित कारण सिद्ध झाले नाही. मात्र लक्ष न ठेवता चार्ज होत असलेल्या बॅटऱ्या हे संभाव्य कारणांपैकी एक मानले गेले. रात्री गस्तीचा पहारा नसल्याने आग वेळीच लक्षात आली नाही, असे चौकशीत नमूद झाले.

दिव्याच्या खुणा

झोताने तळावर सावकाश वर्तुळ काढणे म्हणजे ‘सर्व ठीक’. झोत वेगाने आडवा हलवणे म्हणजे ‘लक्ष द्या, अडचण आहे’. हाताची खूण करावयाची असल्यास तिच्यावर स्वतःचा झोत टाकतात. जोडीदाराच्या डोळ्यांवर झोत टाकणे टाळतात, कारण अंधाराला पुन्हा पूर्णपणे सरावण्यास डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागू शकतात. जोडीदार दिसेनासा झाल्यास दिवा छातीशी धरून झाकतात व त्याच्या दिव्याचा उजेड शोधतात.

मुख्य दिवा बंद पडल्यास

अशा वेळी पाणबुड्या राखीव दिवा चालू करतो, जोडीदाराला खूण करतो आणि दोघेही नेहमीच्या वेगाने वर येतात. राखीव दिव्यावर बुडी पुढे चालू ठेवीत नाहीत, कारण तो वापरात आल्यावर त्या पाणबुड्याजवळ राखीव असे काहीच उरत नाही. मुख्य दिवा बंद पडला की बुडी संपली, असे उतरण्यापूर्वीच ठरवून ठेवणे हा रात्रीच्या बुडीच्या नियोजनाचा भाग मानला जातो.