पोटचा गोळा आणि विजेचा लोळ

'द बॅड सीड' हा १९५६ चा अमेरिकन चित्रपट पाहिला, आणि त्या रात्री दोनदा उठून मी मुलीचे पांघरूण सारखे केले!

आठ वर्षांची र्‍होडा. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, वाणीत साखर. हस्ताक्षराचे पदक वर्गमित्राला मिळाले म्हणून ती त्याचा जीव घेते. मूळ नाटकात ही पोर शेवटी सुखरूप राहते. पण हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमानुसार गुन्ह्याला शिक्षा हवीच. म्हणून पडद्यावर तिच्यावर वीज कोसळते.

वाचकहो, मला भीती वाटली ती र्‍होडाची नव्हे. सारे उमगल्यावर, पुराव्याचे बूट जाळून टाक म्हणणाऱ्या तिच्या आईची! कारण तिच्या जागी मीही तेच केले असते.