मदरबोर्ड, जुने : दुरुस्ती व वेगजुळणी

वापरातून गेलेल्या वैयक्तिक संगणकांची मुख्य छापील मंडले (मदरबोर्ड) पुन्हा कार्यक्षम करणे व त्यांची कंप्रता, विद्युत् दाब आणि स्मृतीचा वेग योग्य प्रकारे जुळविणे, हा एक तांत्रिक छंद. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रक्रियक ४·७७ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चाले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचे मदरबोर्ड प्रामुख्याने या छंदात येतात. आरंभीच्या कित्येक खेळांची गती प्रक्रियकाच्या गतीवरच बेतलेली असल्याने ते नव्या यंत्रावर खेळता येऊ नयेत इतके भरधाव चालतात. तसेच काही जुन्या प्रयोगशालेय उपकरणांची नियंत्रक कार्डे आयसा पद्धतीच्या खाचेतच बसतात. त्यामुळे असे मदरबोर्ड केवळ शोभेचे ठरत नाहीत.

८०३८६ व ८०४८६ या प्रक्रियकांच्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी ३·६ व्होल्टची निकेल-कॅडमियम घटमाला डाखलेली असे. संगणक अडगळीत पडला, तरी ती जागीच राहते व कालांतराने गळू लागते. तिच्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडामुळे तांब्याच्या बारीक वाहक रेषा हिरव्या पडून तुटतात. पडून राहिलेल्या मदरबोर्डांचा नाश याच कारणाने सर्वांत अधिक होतो. म्हणून हाती आलेल्या मदरबोर्डावरील घटमाला, तो चालतो की नाही हे पाहण्यापूर्वीच, कापून काढणे इष्ट होय. गळतीची जागा व्हिनेगरने उदासीन करतात, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन पूर्ण वाळवितात आणि तुटलेल्या रेषांवर बारीक तार डाखतात.

१९९९ नंतरच्या काही वर्षांतील अनेक मदरबोर्डांवर सदोष विद्युत् विच्छेद्य असलेली धारित्रे वापरली गेली. त्यांचे माथे फुगतात. ती बदलताना धारिता व दाब यांबरोबरच अंतर्गत रोधही कमी असावा लागतो.

विद्युत् पुरवठा जोडण्यापूर्वी ५ व्होल्टची वाहिनी व भूसंपर्क यांमधील रोध मोजतात. तो शून्याजवळ असल्यास कोठेतरी मंडल-संक्षेप झालेला असतो. पडदा कोरा राहिल्यास खाचेत बसविलेले चाचणी कार्ड आरंभीच्या तपासणीचा सांकेतिक अंक दाखविते व दोष कोणत्या टप्प्यावर आहे, याचा अंदाज येतो. आरंभीचा कार्यक्रम ज्या संकलित मंडलात साठविलेला असतो, त्याची काचेची खिडकी उघडी राहिल्यास जंबुपार प्रकाशाने तो पुसला जाऊ शकतो; म्हणून तिच्यावरील चिठ्ठी काढू नये.

वेगजुळणीत मुख्य वाहिनीची कंप्रता व प्रक्रियकाचा गुणक हे दोन आकडे महत्त्वाचे असतात. इंटेलच्या सेलेरॉन ३००ए (१९९८) या प्रक्रियकाचा गुणक ४·५ असा कायम होता. ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्‌झ वाहिनी दिल्यास तो ४५० मेगाहर्ट्‌झवर चाले. एएमडीचे नंतरचे के६-२ प्रक्रियक २ हा गुणक ६ असा वाचतात. त्यामुळे ६६ मेगाहर्ट्‌झच्या जुन्या मदरबोर्डावरही ते सुमारे ४०० मेगाहर्ट्‌झवर चालू शकतात. मात्र त्यांच्या गाभ्याला साधारणतः २·२ व्होल्ट लागतात. केवळ ३·३ व्होल्ट देणाऱ्या मदरबोर्डावर ते जळण्याचा धोका असतो. याउलट, मुख्य वाहिनी ८३ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढविल्यास तिच्या निम्म्या कंप्रतेवर चालणारी पीसीआय वाहिनीही ३३ वरून सु. ४१ मेगाहर्ट्‌झवर जाते. अशा वेळी प्रक्रियक निर्वेध चालत असतानाच चकतीवरील नोंदी बिघडू शकतात आणि हा दोष पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. या निवडी बहुतेक मदरबोर्डांवर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या लहान टोप्या, हलवून कराव्या लागतात. त्यांचे कोष्टक काही मदरबोर्डांवर छापलेले असते. इतरांच्या बाबतीत मूळ माहितीपुस्तिकेवाचून दाबाचा जंपर हलविणे धोक्याचे असते.