पावसाने खाल्लेला दगड

रत्नागिरीजवळच्या सड्यावर चिरेखाण चालू होती. रुळांवरून यंत्र सरकलं, गोल पातं कातळात उतरलं आणि तांबडी धूळ पापण्यांवर येऊन बसली. आधी एका दिशेने काप, मग आडवे. मागून एक जण पहार घालून चिरे सुटे करत होता. मी एक उचलू गेलो. हळदी-तांबडा, भोकाभोकांचा, हाताला ओलसर. त्यातल्या पिवळ्या मातीत नख रुतलं.

"आता मऊच लागणार. वारा-ऊन लागू दे, मग बघा," मुकादम म्हणाला. सुकताना चिऱ्यातली लोहाची संयुगं पाणी सोडतात आणि दगड कडक होतो.

मुळात हा काळा बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचा चिरा केला पावसाने. पडता पडता पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. अगदी स्वच्छ पावसाचाही सामू ५.६च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. रत्नागिरीत वर्षाला असं ३००० मिलिमीटरहून जास्त पाणी कोसळतं. अशा अगणित पावसाळ्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन गेली. मागे राहिलं मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम.

हवामान म्हटलं की आपण ऊन, वारा, ढग मोजतो. सगळा कारभार उष्णतेचा. खाणीच्या तळाशी मात्र रसायनावर चालणारं दुसरंच हवामान दिसतं. दगड खाताना पावसातल्या वायूचं बायकार्बोनेट होतं. ते काजळी नदीतून भाट्याच्या खाडीत आणि पुढे समुद्रात जातं, शिंपल्यांच्या कवचात अडकतं. पृथ्वी तापली की पाऊस वाढतो, खडक लवकर झिजतो, हवेतला कार्बन घटतो, गारवा परततो. हे गणित वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं. वेग लाखो वर्षांचा. आपल्या धुराड्यांना तो पुरा पडणार नाही.

कोकणातल्या जुन्या घरांत असे चिरे शिंपल्यांच्या चुन्याने सांधलेले सापडतात. भट्टीत शिंपले भाजले की अडकलेला वायू घटकेत सुटतो. भिंतीत घट्ट होताना चुना तो हवेतून परत ओढतो. गवंड्याला हे सूत्र ठाऊक असायची गरज नव्हती.

पावसाळ्यात खाण बंद, मुकादम सांगत होता. यंत्र वर काढून झाकायचं, कामगार आपापल्या गावी. खड्ड्यात मग कमरेइतकं पाणी, तांबडं.