केगमधली हवा बाहेर कशी काढायची?
मंडळी, आम्ही घरी केलेली पहिली आयपीए केगमध्ये तीन आठवड्यांत तपकिरी पडली. चव ओल्या पुठ्ठ्याची. सगळी ओतून टाकली. कार्बन डायऑक्साइड जड, तो बिअरवर चादरीसारखा पसरेल, असं आम्ही धरून चाललो होतो. वायू असे थर करून बसत नाहीत हो, मिसळतात! २ बार दाब भरून सोडला की आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ७ वर येतो, मग २.३, तिसऱ्यांदा ०.८. बिअरला तेवढाही पुष्कळ. म्हणून आता १९ लिटरचा केग आधी सॅनिटायझरच्या पाण्याने काठोकाठ भरतो, झाकण लावतो आणि ते पाणी कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलतो. हवा जवळजवळ उरतच नाही. मग झाकण न उघडता, तळापर्यंत जाणाऱ्या नळीतून बिअर आत घ्यायची, आणि वरच्या बाजूने गॅस हळूहळू सोडत राहायचा.