सांगोल्याचे आबासाहेब : अकरा निवडणुका आणि माणदेशाचे पाणी

आमदार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाड्यांचा ताफा आणि हारतुरे येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात मात्र आमदार एस.टी.ने फिरायचे. गणपतराव देशमुख, लोकांचे आबासाहेब. 1962 साली शेतकरी कामगार पक्षातर्फे ते पहिल्यांदा विधानसभेवर गेले. 2014 साली अकराव्यांदा निवडून आले. पक्ष तोच, मतदारसंघही तोच. 2019 ला वयामुळे उभे राहिले नाहीत आणि 30 जुलै 2021 रोजी गेले.

अकरा विजय सगळे सांगतात, पण दोन पराभवही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला 1972 चा. दोनच वर्षांनी, 1974 च्या पोटनिवडणुकीत, लोकांनी त्यांना परत पाठवले. दुसरा 1995 चा, तोही अवघ्या 192 मतांनी, शहाजीबापू पाटलांकडून. तालुक्याच्या शंभरएक गावांत ही मते वाटली तर गावाला दोन येतात बघा! दोन मते म्हणजे एका घरातली, मतदानादिवशी पाहुण्याच्या गावाला गेलेली नवरा-बायको. ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनीही मतदार यादी दुरुस्त करताना हा आकडा आठवावा. 1999 ला आबासाहेब परत निवडून आले.

आता कामाचे. सांगोला म्हणजे माणदेश, पर्जन्यछायेचा मुलूख. माण नदी वर्षातले बरेच दिवस वाळूच दाखवते. अशा तालुक्याचा आमदार विधानसभेत काय बोलणार? दुष्काळ, मजुरी आणि पाणी. आबासाहेब आयुष्यभर बहुतेक विरोधी बाकांवर बसले, काही काळ विरोधी पक्षनेतेही होते. मंत्रिपद दोनदाच मिळाले. एकदा 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि एकदा 1999 च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. त्या वेळी त्यांच्याकडे रोजगार हमीचे खाते होते. 2002 ला त्यांचा पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि मंत्रिपदही संपले.

रोजगार हमी म्हणजे नुसती खडी फोडणे नव्हे, हे आम्ही विस्तारवाले शिवारात सांगत फिरतो. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना 1990 च्या सुमारास सुरू झाली. खड्डे खोदायची मजुरी, कलमे, खत असा खर्च सरकारचा, जमीन आणि राखण शेतकऱ्याची. पैसे एकदम हातात नाही, तीन वर्षांत हप्त्याने, आणि झाडे जगली तरच पुढचा हप्ता. ही अट फार शहाणपणाची होती. सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड रानात डाळिंब मानवले. आधी गणेश, पुढे भगवा. ज्या रानात बाजरी पिकायची मारामार, तिथून फळ परदेशी जाऊ लागले. याचे सगळे श्रेय एका आमदाराला देणे बरोबर नाही. कष्ट शेतकऱ्याचेच. पण सभागृहात हमीच्या पैशासाठी भांडणारे कोणी नसते तर योजना कागदावर राहायला वेळ लागत नाही, हे आपण जाणता.

पुढे तेल्या आला, मर आली, अलीकडे खोडाला भोके पाडणारा भुंगेरा आला. कित्येकांनी बागा उपटून टाकल्या. एका पिकावर सगळा तालुका उभा करू नये, हे आम्ही उशिरा आणि हळू आवाजात सांगितले, हा आमचाही दोष.

पाण्याचे मात्र लांबले. 1993 पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब हे त्यातले पुढारी. मागणी साधी होती : कृष्णेचे पाणी वरच्या उसालाच का, दुष्काळी रानालाही वाटा द्या. कराड तालुक्यातल्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने पाणी उचलून खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचे, ही योजना 1995-96 च्या सुमारास मंजूर झाली. पाणी यायला मात्र एक पिढी गेली. शेवटच्या टोकाला असणे काय असते, ते पाटाच्या शेपटीला जमीन असलेल्यालाच कळते. उपसा योजनेत विजेचे बिल हीच मोठी अडचण. आता बिलातला 81 टक्के वाटा शासन उचलते आणि 19 टक्के पाणीपट्टीतून वसूल होतो, त्यामुळे पंप बंद पडण्याची भीती थोडी कमी झाली.

2019 ला आबासाहेबांचे नातू अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून थोडक्यात हरले. 2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, त्याच पक्षाकडून निवडून आले. त्यांचा हिशेब लोक करतीलच. तोवर लाभक्षेत्रातल्या बंधूंनी नमुना नंबर 7 चा पाणी अर्ज आवर्तनाच्या आधी भरावा आणि पोच घेऊन ठेवावी. अर्जच नसेल तर आमदार कोणीही असो, पाटकरी तुमच्या दारेवर पाणी सोडणार नाही.